सहावा बंक

शुक्रवार, ६ मार्च. घात झाला ती वेळ: संध्याकाळी ६ वाजून ४७ मिनिटं.

ही वेळ क्लबच्या भिंतीवरच्या घड्याळाची. ते दोन मिनिटं मागे आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण उद्या कुणी शंका काढायला नको म्हणून त्यांचंच घड्याळ प्रमाण धरते.

कॅरिगनाशी यॉट क्लब. स्थापना १७८८. एवढ्या वर्षांत त्या इमारतीत बऱ्याच जणांचा केसाने गळा कापला गेला असेल, पण हातात अंड्याचं सँडविच असताना कापला गेलेली पहिली मीच.

हकिकत अशी. क्लबची बोट आहे 'पफिन', छत्तीस फुटी. जूनमध्ये ती शर्यतीत उतरून आयर्लंडला पूर्ण वळसा घालणार. सहाशे ऐंशी मैल, पाच पोरं, सगळी पंचविशीच्या आतली. क्लबचा नियम असा की सहाव्या बंकवर, म्हणजे बोटीतल्या झोपायच्या सहाव्या जागेवर, एक अनुभवी माणूस हवा. आता अख्खा हिवाळा, दर मंगळवारी, वरच्या खोलीत या पोरांना नकाशा, भरती-ओहोटी आणि होकायंत्र कोणी शिकवलं? मी. एकतीस वर्षं किनारा-रेडिओवर बसून जहाजांना हवामान कोणी वाचून दाखवलं? मी. ऑक्टोबरात जिन्यावर क्लबचा प्रमुख, कमोडोर रेडमंड ट्वोमी, मला काय म्हणाला? म्हणाला, डिम्फना, तुझ्याशिवाय हे जमणारच नाही. याचा अर्थ सहावा बंक. दुसरा अर्थ निघत नाही.

आज हा गृहस्थ घंटा वाजवून जाहीर करतो, सहाव्या बंकवर टर्लो फेनेली. वय अठ्ठावीस. डब्लिनचा. पगारी खलाशी. आयत्या बिळावर नागोबा.

टाळ्या झाल्या. पोरांनीही वाजवल्या. मुरिन हार्टनेट, त्यांची कप्तान, जिला मी वेग-वेळेच्या गणितात भागिले साठ करायला शिकवलं, तिने तर दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

मी एक अक्षर बोलले नाही. उपवासकाळ चालू आहे. इतर लोक चॉकलेट सोडतात, मी यंदा ईस्टरपर्यंत तिखट बोलणं सोडलंय. फादरना तसं सांगून बसलेय. म्हणून तोंडात सँडविच कोंबलं आणि घरी आले. अंडं शिळं होतं.

निश्चय: रडायचं नाही. ओरडायचं नाही. नियमाने लढायचं.

शनिवार, ७ मार्च

शर्यतीच्या नियमांचं पुस्तक काढलं. एका बोटीने दुसरीवर अन्याय केला तर काय करायचं ते स्पष्ट दिलंय. 'प्रोटेस्ट!' असं ओरडायचं, लवकरात लवकर लाल झेंडा लावायचा, मग लेखी अर्ज द्यायचा. मी बोट नाही हे मला कळतं. पण अन्याय तो अन्याय.

लाल कापड म्हणून घरात फक्त नाताळचा टेबलक्लॉथ निघाला. कडेची हॉलीची पानं आत दुमडून टाके घातले. माझ्या खिडकीतून क्लबची जेटी सरळ दिसते, म्हणजे जेटीवरून माझी खिडकी. साडेअकराला झेंडा फडकला.

धाकटी बहीण इटा माझ्याकडे राहते. पोस्टातून निवृत्त, नवरा वारलेला, मतं भरपूर. ती म्हणाली, बाई गं, लोकांना वाटेल आपल्याकडे गोवर आलाय.

दुपारी समोरचा बॅटी हर्ली सायकलवरून उतरून ओरडला, वा मिस कॉटर, तुम्हीसुद्धा? तुम्ही हर्लिंग बघता हे माहीतच नव्हतं! जिंकणार आपण यंदा!

हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळात लाल हा आपल्या कॉर्क काउंटीचा रंग आहे हे मी विसरले. त्याला खुलासा करणार होते, पण खुलासा तिखट झाला असता. हसले. माझ्या संयमाचा नमुना म्हणून ते हसू पुरे.

मंगळवार, १० मार्च

अर्ज दिला. चार पानं, एका बाजूला लिहिलेला, समास सोडून. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर इमॅक्युलाटा सांगायच्या, मुलींनो, राग कितीही आला तरी ओळ तिरकी जाता कामा नये. एकही गेली नाही.

प्रोटेस्ट समितीचे अध्यक्ष डॉक्टर अलॉयशस कीन. जनावरांचे डॉक्टर. त्यांच्या हातात पाकीट दिलं तेव्हा ते एका बोकडाबरोबर होते. म्हणाले, बघतो. कुणाला म्हणाले ते नक्की कळलं नाही.

आजचा वर्ग घेतला नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. पोरांना पोकळी जाणवू दे.

बुधवार, ११ मार्च

पोकळी जाणवली. मुरिनचा फोन. मिस कॉटर, बऱ्या आहात ना, आम्ही कालचा पूर्ण वेळ तुमची गणितं सोडवत बसलो होतो.

माझ्याशिवाय. सोडवली म्हणे, सगळी. बरोबर आली म्हणे.

शुक्रवार, १३ मार्च

अर्ज फेटाळला. कारण: अर्जदाराने घटनेच्या वेळी 'प्रोटेस्ट' असं ओरडून कळवलं नाही. सबब निषेध अवैध.

म्हणजे मी गप्प बसले म्हणून! आणि गप्प का बसले? देवासाठी! एरवी त्या हॉलमध्ये मी असा आवाज लावला असता की १७८८ सालच्या संस्थापकांच्या तसबिरी वाकड्या झाल्या असत्या. डॉक्टर कीनना म्हणाले, डॉक्टर, मी उपवासकाळ पाळत होते. ते म्हणाले, मिस कॉटर, नियमात तशी सवलत नाही. आपल्या बायकोनेही यंदा बोलणं सोडायला हवं होतं असं पुटपुटले.

संध्याकाळी फादरना विचारलं, व्रत मोडता येईल का, पूर्वलक्षी. म्हणाले, देवाकडे पूर्वलक्षी काही नसतं.

दोन्हीकडून अडकले. झेंडा उतरवणार नाही.

मंगळवार, १७ मार्च. सेंट पॅट्रिकचा दिवस

मिरवणूक बघताना उपाय सुचला. बॅगपाइप वाजत असताना मला नेहमी काहीतरी सुचतं. नाहीतर ऐकावं लागतं.

उपाय: निर्णय पोरांनाच घेऊ द्या. गुप्त मतदान. बोट त्यांची, समुद्र त्यांचा. मतपेटीपाशी कमोडोरची मिशी चालणार नाही. ही पाचही जणं माझ्या हाताखाली तयार झाली आहेत. लॉर्कनला तर नोव्हेंबरात पूर्व कुठे आणि पश्चिम कुठे हे वाऱ्यावर अवलंबून असतं असं वाटायचं.

मिरवणुकीतच रेडमंडला गाठलं. त्याने लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की मला शंका यायला हवी होती. मी एक अट घातली, वर्ग घेणारी म्हणून मलाही एक मत. तो म्हणाला, घे की.

भित्रा माणूस. त्याला वाटतं पोरांची मतं माझ्या बाजूने पडतील आणि डब्लिनवाल्याला नाही म्हणण्याचं त्याचं काम वाचेल. मलाही तेच वाटतं.

शनिवार, २१ मार्च. दुपारी ३

मतदानाआधी पोरांनी मला प्रत्यक्ष पाण्यावर बघावं म्हणून उद्या फेरीची योजना आखली. बंदरातच, तीन तास. मीच नकाशा बघणार. माझा स्वतःचा घेते, १९८७ चा, कापडी पाठीचा. हल्लीचे पडद्यावरचे नकाशे बोट लावलं की पळतात.

इटाने विचारलं, तू बोटीवर शेवटची कधी गेली होतीस. मी म्हणाले, एकतीस वर्षं मी रोज शंभर बोटींवर होते. ती म्हणाली, अगं आवाजाने. मी नकाशाची घडी घातली. व्रत.

रविवार, २२ मार्च

फेरी यशस्वी.

वाळूचा दांडा सरकला होता. मी नाही सरकले. माझ्या नकाशात तिथे चार मीटर पाणी आहे, आजही आहे. मुरिन सुकाणूवर होती, ती म्हणाली, मिस कॉटर, इथे उथळ वाटतंय, मी वळवू का. अशा वेळी चर्चा करत नाहीत. मी तिचा हात सुकाणूवरून काढला आणि बोट सरळ नेली. बोट थांबली. अतिशय हळुवार थांबली, हे कुणी लक्षात घेतलं नाही.

भरती यायला चार तास. पोरांना भरतीची वाट पाहण्याचा अनुभव मिळाला, तो पुस्तकातून मिळत नाही. मी जपमाळ सांगितली. लॉर्कनला हसू आलं, मग ब्रोनाला, मग सगळ्यांना. वातावरण खेळीमेळीचं होतं.

परत येताना दोनदा कठड्यावरून वाकावं लागलं. अंडं.

शुक्रवार, २७ मार्च

मतदान झालं. क्लबच्या जुन्या चांदीच्या करंडकात चिठ्ठ्या. पाच पोरं आणि मी. मी कुणाला मत दिलं ते इथे लिहिणार नाही. गुप्त मतदान म्हणजे गुप्त, रोजनिशीलासुद्धा.

डॉक्टर कीननी मोजली.

फेनेली पाच. कॉटर एक.

शनिवार, २८ मार्च

काल पुढे लिहवलं नाही.

सरळ आहे. त्यांच्यावर दबाव आला. रेडमंडने कान भरले, किंवा त्या फेनेलीने मिठाई वाटली, किंवा ब्रोनाने, तिला त्याचे डोळे आवडतात. पाच महिने मंगळवारमागून मंगळवार पालथ्या घड्यावर पाणी.

पण एक मत! त्या कळपात एक पोर असं निघालं की ज्याने सगळ्यांविरुद्ध उभं राहून माझं नाव लिहिलं. माझ्यासाठी ते एकच पुरेसं आहे. ते कोण हे शोधून काढायचं आणि त्याचं कल्याण करायचं.

इटाला हे सांगितलं. ती चहा टाकायला गेली.

रविवार, ५ एप्रिल. ईस्टर

व्रत सुटलं. चर्चमधल्या मिसाहून येतानाच मनात यादी तयार होती, रेडमंडला बोलायच्या चौदा गोष्टी, चढत्या क्रमाने. त्याच्या घरी गेले. तो गॉलवेला मुलीकडे गेलाय, दहा दिवस. यादी जपून ठेवली आहे, पण तिखट शिळं झालं की नुसतंच लाल उरतं.

मंगळवार, १४ एप्रिल

वर्ग परत सुरू केला. पोरांसाठी नाही, त्या एकासाठी.

आज निरीक्षण करत होते. टाइगने माझी खुर्ची ओढून दिली. शांत मुलगा, मच्छीमाराचा. तोच असणार. वर्गानंतर त्याला घरच्या सोडा ब्रेडचा अख्खा लोफ दिला आणि डोळ्यांत बघून म्हणाले, मला माहीत आहे. तो लालभडक झाला. म्हणाला, मिस कॉटर, तो दरवाजाचा टवका आधीच उडालेला होता, मी फक्त धक्का दिला.

टाइग नाही.

मंगळवार, २८ एप्रिल

डोनल. इंजिनिअरिंग शिकतो, सगळं मोजतो. मला वाटलं, जो मोजतो तो माझं मोल जाणतो. त्याला माझा पितळी कर्कटक वापरायला दिला. त्याने परत आणून दिला, पुसून, आणि विचारलं, मिस कॉटर, हे सगळं मतांबद्दल आहे का? मी म्हणाले, गुप्ततेचा मी आदर करते, तू फक्त मान हलव. त्याने मान हलवली, पण आडवी. वर म्हणाला, तुम्ही एकदा सहा चिठ्ठ्यांचा हिशेब कागदावर मांडा.

लाजाळू आहे. डोनल असू शकतो.

रविवार, १७ मे

हर्लिंगच्या मॅचचा मोसम जोरात. गल्लीत आता अठरा लाल झेंडे आहेत. जेटीवर उभं राहून बघितलं तर माझा कुठला हे मलाच चटकन सापडेना. दहा आठवडे जिवंत ठेवलेला निषेध, आता गावजत्रेचा भाग. बॅटी हर्ली सगळ्यांना सांगतो, सुरुवात मिस कॉटरनी केली, मार्चमध्येच, खरी चाहती.

उतरवला असता. पण आता उतरवला तर दुसऱ्या काउंटीची म्हणतील.

बुधवार, २० मे

मुरिन दारात. एकटी. म्हणाली, मिस कॉटर, शर्यतीत प्रत्येक बोटीचा किनाऱ्यावर एक माणूस लागतो, ज्याला केव्हाही फोन करता येईल. आम्हा पाचांना तुम्ही हव्या आहात.

म्हणजे बोटीवर नको, फोनजवळ हवी. कुत्र्यासारखी दाराशी.

नाही म्हणायचं ठरवलं होतं. तोंडाने मात्र विचारलं, कोणता नंबर देणार, घरचा की माझा? आणि कागदावर दोन्ही लिहून दिले. खाली लिहिलं, 'निषेध कायम ठेवून'. मुरिनने ते वाचलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, नोंद घेतली.

तीच ती. आता शंका नाही. तिने शिट्टी मारली ती संशय येऊ नये म्हणून.

शनिवार, २० जून. सकाळी ११

निघाली. तोफ झाली, बावीस बोटी. जेटीवर गेले नाही. खिडकीतून दुर्बिणीने बघितलं. सहाव्या बंकवाला पाय पसरून मागे बसला होता आणि काहीएक करत नव्हता. मुरिन सुकाणूवर. हाताची पकड बरी आहे. अंगठा आत घ्यायला हवा.

रविवार, २१ जून

प्रत्येक बोट इटाच्या टॅबलेटवर ठिपका होऊन दिसते. पफिनचा ठिपका निळा. तो किनाऱ्यापासून फार लांब चाललाय. मी असते तर आतून नेली असती. आतून गेलेल्या तीन बोटी वारा पडून अडकल्या. योगायोग.

फोन नाही.

सोमवार, २२ जून

फोन नाही. मी फोनच्या खोलीतच जेवते. इटा म्हणाली, न्हाणीघरात जाताना तरी मला राखण करू दे. दिली. तेवढ्यात वाजला! ओल्या केसांनी धावले. पन्हळी साफ करून हव्यात का असं कुणीतरी विचारत होतं. त्या माणसाला चौदापैकी नऊ गोष्टी बोलले. बरं वाटलं.

बुधवार, २४ जून

वायव्येला वारा वाढला. जोर सात, पुढे आठ होईल. टोरी बेटापाशी निळा ठिपका एकदम चुकीच्या दिशेला वळला. चाळीस मिनिटं. मी हातात फोन घेऊन उभी. हवामान मोठ्याने वाचत होते, सावकाश, प्रत्येक आकडा दोनदा, जसं किनारा-रेडिओवर वाचायचे. ऐकायला फक्त इटा. ती बसून ऐकत राहिली.

मग ठिपका वळला. नीट मार्गाला लागला.

फोन नाही. कुणीही मला काहीही विचारलं नाही.

शुक्रवार, २६ जून

दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी पोहोचले. त्यांच्या गटात तिसरे. सुके कपडे आणि फ्लास्क घेऊन जेटीवर होते, किनाऱ्याच्या माणसाचं कर्तव्य म्हणून. पाचही जणं खारट, लाल डोळ्यांची, उभ्या उभ्या झोपणारी. मुरिन गळ्यात पडली. मी ताठ उभी राहिले. पोरगी ओली होती.

शनिवार, ४ जुलै

आज क्लबात पोरांचं जेवण होतं. हे लगेच लिहून काढते, नाहीतर उद्या मला वेगळं आठवेल.

सॅमन झाला, भाषणं झाली. रेडमंडने फेनेलीचे आभार मानले, हवामान खात्याचे मानले, सॅमनचे मानले. मग म्हणाला, कुणाला काही बोलायचंय? मी उभी राहिले. माझ्याजवळ किनारा-रेडिओने निवृत्तीला दिलेलं पितळी घड्याळ होतं, कागदात बांधलेलं. मी म्हणाले, सत्तावीस मार्चला या खोलीत एका मुलाने किंवा मुलीने सगळ्यांविरुद्ध माझ्या नावाची चिठ्ठी टाकली. हे घड्याळ त्या एकासाठी. ज्याने टाकली त्याने आता न घाबरता उभं राहावं.

रेडमंड छताकडे बघायला लागला. डॉक्टर कीन चष्मा पुसू लागले. इटाने माझ्या स्कर्टची कड ओढली, बस गं.

मग मुरिन उठली. मला माहीतच होतं! मी घड्याळ पुढे केलं.

ती म्हणाली, मिस कॉटर, माझं मत टर्लोला होतं. बाकी चौघांचंही. आम्ही तेव्हाच एकमेकांना सांगितलं होतं.

ब्रोनाने मान खाली घातली. टाइगने हात अर्धा वर केला, शाळेत करतात तसा. डोनल बोटं मोजत होता, त्याला लॉर्कनने कोपर मारलं.

मी विचारलं, का? आवाज माझाच होता, पण रेडिओवर असताना इतका बारीक कधी झाला नव्हता.

मुरिन म्हणाली, त्या वाळूच्या दांड्यावर तुम्ही माझा हात काढलात. पुढे शर्यतीत टर्लो सहा दिवस बोलावल्याशिवाय उठला नाही. टोरीपाशी मी चुकले. दिशाच चुकले, चाळीस मिनिटं. तो जागा होता, त्याला दिसत होतं, तो गप्प राहिला. मग मीच दुरुस्त केलं, तुमच्या मंगळवारच्या पद्धतीने, कागद-पेन्सिल घेऊन. तुम्ही असतात तर बोट चुकलीच नसती. पण ती दुरुस्ती माझी झाली नसती.

लॉर्कनला वाटलं आपणही काही बोलावं. म्हणाला, आणि मिस कॉटर, किनाऱ्यावर फोनजवळ तुम्ही आहात म्हणून आम्हाला खाली झोप लागायची, आईशप्पथ.

ही काय स्तुती? झोप भिंतीला टेकूनही लागते.

मी बसले. रेडमंड म्हणाला, पुडिंग घ्या, पुडिंग. इटाने माझं पुडिंगही घेतलं.

रविवार, ५ जुलै

घड्याळ परत भिंतीवर.

इटाने नाश्त्याला विचारलं, मग ते एक मत कुणाचं गं?

गुप्त मतदान गुप्त असतं, मी म्हणाले.

ती म्हणाली, हो ना. मग तिने मला लोणी दिलं. न मागता, आणि बरंच.

निश्चय: क्लबशी संबंध संपला. त्या पोरांशीही. एकवीस वर्षांच्या मुलीने भर सभेत एकोणसत्तर वर्षांच्या बाईला खरं सांगणं याला आमच्या वेळी उद्धटपणा म्हणत. मंगळवार मोकळे झाले. इटाबरोबर ब्रिज खेळेन.

मंगळवार, ११ ऑगस्ट

ब्रिज हा मूर्खांचा खेळ आहे. इटा दर वेळी जिंकते.

शुक्रवार, ४ सप्टेंबर. दुपारी २ वाजून ५ मिनिटं

टपालाने क्लबचं हिवाळी पत्रक आलं. पान दोन. ओळ तिरकी जाऊ नये म्हणून खालचं पत्र आधी इथे उतरवते आणि मग स्वच्छ लिहून नेऊन देते.

'कमोडोर, कॅरिगनाशी यॉट क्लब, यांस.

महोदय, आपल्या पत्रकात पान दोनवर "नेव्हिगेशन, मंगळवार, ६ ऑक्टोबरपासून, मिस डी. कॉटर, नेहमीप्रमाणे" असं छापलं आहे. मला विचारलेलं नाही. मी होकार दिलेला नाही. माझा सहाव्या बंकबाबतचा निषेध अजून कायम आहे, आणि "नेहमीप्रमाणे" या शब्दाला माझी विशेष हरकत आहे. तरी पुढील बाबींचा लेखी खुलासा व्हावा.

एक. मला गृहीत धरण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला.

दोन. वरच्या खोलीतला हीटर या वर्षी चालणार आहे की नाही. पत्रकात खाली नऊ नावं नोंदली गेली आहेत असं दिसतं. नऊ जणांना गार बोटांनी पेन्सिल धरता येत नाही.

तीन. बंदराचा नवा नकाशा मागवावा. वाळूचा दांडा सरकला आहे.

चार. त्या नवांत पहिलं नाव मुरिन हार्टनेट असं आहे. ही मुलगी आयर्लंडला वळसा घालून आली आहे. तिला माझ्याकडून अजून काय शिकायचं राहिलं आहे, ते तिने स्वतःच्या हस्ताक्षरात कळवावं. फोनवर नको.

उत्तर मंगळवार, १५ सप्टेंबर, दुपारी बारापर्यंत माझ्या हाती पडलं पाहिजे. वेळ माझ्या घड्याळाप्रमाणे.'